राळेचा ढग

दत्तोपंतांचा लेसरवर जेवढा जीव होता, तेवढा पोटच्या पोरांवरही नसावा. ते कॉलेजात पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख. लाल किरणाचे ते एकुलते एक यंत्र ते कपाटात ठेवत आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पूजेसाठी बाहेर काढत. विभागात नव्याने शिकवायला लागलेल्या चारुशीलाचा जीव तुटायचा. पोरांनी लेसर काय नुसता फळ्यावर शिकायचा?

साल पंच्याऐंशी. जमिनीवरून लेसर मारून क्षेपणास्त्रे आभाळातच जाळायच्या अमेरिकी बेतांनी वर्तमानपत्रे भरलेली. दत्तोपंत भलतेच खूश होते.

"आणि मध्ये ढग आला तर, सर?" चारुशीलाने विचारले. "त्यातले थेंब किरण चहूकडे उधळून टाकतील."

"ढगाची काय बिशाद! अडवून दाखवा बाई. अडला, तर लेसर पोरांच्या हाती देतो. नाही तर हा विषय बंद."

खंडेनवमीला टेबलाच्या एका टोकाला हळदकुंकू ल्यालेला लेसर बसला, दुसऱ्या टोकाला फोटोसेल. त्यावर किरण पडे तोवर घंटी वाजे. चारुशीलाने मध्ये केटलीची वाफ सोडली. पण नागपूरची ऑक्टोबरातली हवा ती! वाफ निघे न निघे तोच विरून जाई. घंटी निर्लज्जपणे वाजत राहिली. चारुशीलाला रडू यायचेच बाकी होते.

"झालं समाधान? धोंडबा, धुपाटणं आण," दत्तोपंत मिशीत हसत शिपायाला म्हणाले.

त्यांनी लेसरसमोर निखाऱ्यांवर मूठभर राळ टाकली. लाडक्या यंत्रासाठी हात आखडता कसा घ्यायचा? आणखी एक मूठ टाकली. पांढरा लोट उठला. त्यात किरण आधी लालभडक झळकला, मग दिसेनासा झाला. घंटी गप्प.

"काहून बंद पडली गा?" दत्तोपंत धोंडबावर खेकसले.

"म्या हात नाही लावला, सर! तुमचाच धूर मधात येऊन राहिला."

दत्तोपंतांनी धुपाटणे बाजूला घेतले. धूर ओसरताच घंटी वाजली. पुन्हा समोर धरले, थांबली. त्यांना तो खेळ सोडवेना.

"पण सर, हा धूर आहे, ढग नव्हे," चारुशीला प्रामाणिकपणे म्हणाली आणि मनातल्या मनात स्वतःवर चिडली.

"अहो, मूठभर राळेनं याची ही गत, तर कोसभर जाडीच्या ढगापुढे काय होईल?" खोकत, डोळे पुसत दत्तोपंत हसत सुटले. मग खिडकीत जमलेल्या पोरांवर ओरडले, "बाहेरून काय पाहून राहिले? आत या! बाई सांगतील तसा लेसर लावा."

पोरे धावत आत घुसली. चारुशीलाने त्यांना लेसरपाशी उभे केले. दत्तोपंत मात्र धुपाटणे उंच धरून टेबलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"मारा किरण! मी ढग होऊन राहिलो."