खालपर्यंत कोण वाचतं?

मी एक खोटी वेबसाइट बोलतेय. दचकू नका. खऱ्या म्हणवणाऱ्या माझ्या कित्येक बहिणी हे मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. मी निदान पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी झाले.

माझा जन्म शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत झाला. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई मुलांचे प्रकल्प तपासत होत्या. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. एकाने तर सुंदर अक्षरात, खाली रेघ ओढून लिहिलं होतं, ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.’ बाईंनी त्या ओळीवर बोट दाबून पाहिलं. मग लाल पेन बाजूला ठेवलं आणि मला घडवायला घेतलं.

नटवलं मात्र झकास. निळ्या काचेच्या बाटलीतलं पाणी प्यायल्याने स्मरणशक्ती दुप्पट होते, हा माझा शोध. शोध लावणारे डॉक्टर हवेत म्हणून बाईंनी आपल्या दिराला प्रयोगशाळेतला पांढरा कोट चढवला. दीर शिंपी. फोटो काढेपर्यंत तो कोटाची बाही कुठे उसवलीय तेच बघत होता. बाईंनी हाताला लागतील ती अक्षरं पदव्या म्हणून जोडली, जगात नसलेलं विद्यापीठ उभं केलं, डॉक्टरांच्या नावापुढे एक फोन नंबर टाकला आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, ‘या पानावरचं सगळं खोटं आहे. तुमच्या बाई.’

वर्गाने मला वाचलं आणि झाडून सगळ्यांनी माझं कौतुक लिहिलं. मग बाईंनी फळ्यावर प्रश्न मांडले. हे कोणी लिहिलं? कशावरून? त्यात त्याचा फायदा काय? हेच दुसरं कोणी सांगतं का? पोरं शोधू लागली. विद्यापीठ सापडेना, पदव्या सापडेनात. बाटल्यांची जाहिरात मात्र माझ्या प्रत्येक परिच्छेदाखाली सापडली. शेवटी तळाची ओळ वाचून वर्ग हसून हसून बेजार झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण बाई, खालपर्यंत कोण वाचतं?”

पोरं त्या तासाला शहाणी झाली. घोळ घातला तो मोठ्यांनी.

कुणा पालकाने मला एका ग्रुपवर टाकलं. तिथून मी जी सुटले ती सुटलेच. प्रत्येक ग्रुपवर माझ्यासोबतच्या निरोपाला नवं शेपूट फुटे. आधी चष्मा जातो म्हणाले, मग गुडघे, मग रक्तदाब. यातलं एक अक्षर मी बोलले नव्हते, पण मला उघडून बघायला सवड कुणाला? मुख्याध्यापकांनी शाळेत निळी बाटली सक्तीची केली. बाई धावत गेल्या आणि ही वेबसाइट आपणच बनवल्याचं सांगितलं. सर समजूतदारपणे हसले.

“तुम्ही बनवलीत म्हणून काय झालं? माहिती चांगली आहे.”

बाईंना घरी येईपर्यंत त्याचं हसू येत होतं. घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करून खिडकीत निळी बाटली मांडली होती. सुनेला सांगितलं नाही, कारण सून फार प्रश्न विचारते. एका सकाळी त्यांना भोवळ आली आणि त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. मनगट मोडलं. ओट्याच्या कडेवर आपटायचं डोकं थोडक्यात वाचलं.

इस्पितळात नर्स गोळी देऊन गेली, तशी सासूबाईंनी ती गुपचूप उशीखाली सरकवली. बाईंनी ते पाहिलं. फोनवर मला उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“आई, नीट बघा. हा कोण?”

सासूबाईंनी चष्मा लावला. “आपला धाकटा.”

“तो डॉक्टर आहे का?”

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. “चेहरा त्याचाच आहे गं. पण इथे डॉक्टर लिहिलंय ना.”

पोटच्या पोराला जन्मभर पाहिलेलं, मला चार दिवस. तरी पारडं माझंच जड. चपलेचा टाका ओढून बघितल्याशिवाय दुकानदाराला पैसे न देणाऱ्या या सासूबाई! सुनेचा चेहरा पडला. रागवावं तर कुणावर, हेच तिला कळेना.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. त्या डॉक्टरलाच विचारते म्हणाल्या आणि माझ्यावरचा नंबर आपल्या फोनवरून लावला. तो होता बाईंनी पालकांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या फोनचा. स्टुलावरची बाईंची पर्स वाजू लागली.

दोघी पर्सकडे बघत राहिल्या. शेजारच्या खाटेवरची पेशंटही मान वळवून बघू लागली. सासूबाईंनी फोन बंद केला, पुन्हा लावला. पर्स पुन्हा वाजली. तेव्हा कुठे त्यांनी उशीखाली हात घातला.

“पाणी दे,” त्या म्हणाल्या. “साध्या पेल्यातलं.”

आता बाई मला पुसून टाकायला बसल्यात. मुख्याध्यापक हळहळतात, इतकी उपयुक्त वेबसाइट का बंद करता म्हणून. दिराच्या दुकानात गिऱ्हाइकं माप देता देता गुडघ्यांची तक्रार सांगतात. सासूबाई मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या प्रत्येक निरोपाखाली ‘कोणी लिहिलं? त्याचा नंबर पाठव’ असं टाकतात. त्यांचा भाचा परवाच ग्रुप सोडून गेला.

मी गेले तरी माझ्या नकला ठिकठिकाणी दुकानं थाटून बसल्यात. त्या माझ्याहून देखण्या, माझ्याहून गोड बोलणाऱ्या, आणि सगळं खोटं असल्याची ओळ त्यांनी छाटून टाकलीय. त्या भेटल्या तर भिडेखातर मान डोलवू नका. खुशाल आडवेतिडवे प्रश्न विचारा. खरी असेल ती उत्तर देईल. खोटी असेल ती विषय बदलून काहीतरी विकायला काढेल.

बाईंचं बोट बटणावर आलंय. निघताना ‘येते’ म्हणायची आपली पद्धत, म्हणून म्हणते. तुम्ही मात्र मला परत येऊ देऊ नका.