तिसऱ्या काढायचा रविवार

बदलापूरच्या कात्रप भागातल्या त्या सोसायटीत कुणाला कोकणाबद्दल काही विचारायचं असेल तर ते शंकररावांना विचारत. न विचारलं तरी शंकरराव सांगत. मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर होता, आणि कोकण तर जन्माचंच होतं. त्यांचं गाव मंडणगडच्या डोंगरात, समुद्रापासून चांगलंच लांब, आणि ते त्यांनी पाचव्या वर्षी सोडलं, या दोन गोष्टी फक्त त्यांच्या बायकोला, कमळाबाईंना, ठाऊक होत्या. कमळाबाईंनी त्या कुणाला सांगितल्या नव्हत्या. वेळेला उपयोगी पडतील म्हणून राखून ठेवल्या होत्या.

त्यांची सून किर्ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होती. तासांवर म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि सुट्टीत काहीच नाही. त्या हिवाळ्यात तिची रत्नागिरीकडच्या एका सरकारी संशोधनाच्या कामासाठी निवड झाली. सहा महिने तिथे राहून खाडीतल्या शिंपल्यांचा अभ्यास करायचा होता. होय की नाही, ते पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

नवरा नरेंद्र म्हणाला, "मला काहीच प्रॉब्लेम नाही. फक्त बाबांना विचार." या घरात नरेंद्रला कशाचाच प्रॉब्लेम नसायचा, कारण तो सगळे प्रॉब्लेम बाबांकडे पाठवून द्यायचा.

बाबांनी चहा बशीत ओतला. "कसला अभ्यास म्हणालीस?"

"खाडीच्या वाळूतल्या तिसऱ्या, बाबा. किती असतात, कुठे असतात, कशा वाढतात."

"तिसऱ्या?" शंकरराव हसले. तिसऱ्या म्हणजे वाळूत पुरून राहणारी, दोन शिंपांतली खायची कालवणाची चीज. "अगं, हा आमच्याकडे पोराटोरांचा खेळ. पाणी गेलं की वाळू उकरायची, टोपली भरायची. याला सहा महिने? आणि सरकार पगार देतं? मी तुला एका रविवारात शिकवतो. सगळ्या सोसायटीला शिकवतो. त्यानंतर तूच सांग, त्यात शिकण्यासारखं काय आहे ते."

सहल अशी ठरली. किर्तीचे सहा महिने एका रविवारावर येऊन बसले.

तारीख ठरवायला खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. मध्ये भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणून ठेवलं होतं. पहिला रविवार अमावास्येचा. तो दुसऱ्या मजल्यावरच्या महिपतींच्या बायकोने, तुळशीने, बोटानेच पुसून टाकला. "अमावास्येला बस करून पाण्यावर जायचं? नको गं बाई." पुढचा रविवार रथसप्तमीचा, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, बायकांना सवड नाही. त्यापुढचा पौर्णिमेचा, तेव्हा सोसायटीचा सत्यनारायण. प्रसादाचा शिरा खाऊन त्याच दिवशी कालवण कोण खाणार? राहिला वद्य अष्टमीचा रविवार. कुणाचा उपास नाही, कुणाची पूजा नाही, कुणाचा वार नाही.

"आम्हाला कुठलाही दिवस चालतो बरं का," अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये असलेले राजेंद्र कांबळे म्हणाले. कांबळ्यांचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध, त्यामुळे या कॅलेंडरमधल्या निम्म्या अडचणी त्यांना कधी आल्याच नव्हत्या.

"तुमचं काय कांबळे, तुम्ही सुटलात," शंकरराव म्हणाले.

"हो ना. आता बसमध्ये तुमच्याबरोबर अडकलो."

अष्टमी ठरली. सगळ्यांना हायसं वाटलं. समुद्र ज्या दोन दिवशी सर्वांत लांब मागे जातो ते दोन्ही दिवस सोसायटीने एकमताने आणि अत्यंत काळजीपूर्वक टाळले होते.

किर्तीने हे सभेत सांगितलं नाही. रात्रीची भांडी घासून झाल्यावर घरात, हलक्या आवाजात सांगितलं. "बाबा, अष्टमीला भांगाचं पाणी असतं. ओहोटी येते, पण पाणी फार मागे सरत नाही. तिसऱ्यांची वाळू उघडी पडायला अमावास्या नाहीतर पौर्णिमा लागते."

"ओहोटी दिवसातून दोनदा येते. चौथीच्या पुस्तकात आहे."

"येते ना. पण रोज सारखी लांब जात नाही."

"मग काय समुद्र पंचांग बघून चालतो?" शंकररावांनी विचारलं. कॅलेंडर अजून त्यांच्या मांडीवरच होतं.

किर्तीने भांडी फळीवर लावायला घेतली. तिने एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं तर ती हुज्जत झाली असती, आणि हुज्जत घालणाऱ्या सुनेला सहा महिने कोण धाडतो?

तयारी मात्र पाहण्यासारखी झाली. शंकरराव स्वतः उल्हासनगरच्या कॅम्पात गेले आणि गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांचे जोड घेऊन आले. "एक्सपोर्टचा माल आहे, साईं, फॉरेनमध्ये लोक हेच घालून शिंपल्या काढतात," असं सिंधी दुकानदाराने सांगितलं होतं. दुकानदाराने शिंपल्या काढणारा माणूस जन्मात पाहिला नसावा, पण गिऱ्हाईक त्याने रोज पाहिलेलं होतं. बूट सगळे एकाच मापाचे निघाले. महिपतींना ते होत नव्हते, नरेंद्रच्या पायातून ते गळून पडत होते, आणि कांबळे चपलांवरच आले. शिवाय प्रत्येकाला एक खुरपं, एक बादली, आणि शंकररावांच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, ते कुणी विचारलं नाही.

कर्जतवरून पेण, पेणवरून अलिबागच्या पुढे. बसमध्ये शंकररावांनी वाटभर मार्गदर्शन केलं. वाळूवर बारीक भोक दिसलं की समजायचं, खाली तिसरी श्वास घेतेय. हे खरं होतं. किर्तीने खिडकीकडे तोंड करून ऐकलं. तिच्याच पुस्तकातून परवा त्यांनी ते वाचलं होतं. तिथे पुढे असंही लिहिलं होतं की लहान तिसऱ्या परत वाळूत ठेवाव्यात आणि आधी ओहोटीचं बघून जावं. पण पान त्याआधीच संपत होतं आणि पुढचं पान शंकररावांनी उलटलं नव्हतं.

बस खाडीच्या तोंडाशी थांबली. समोर पाणी होतं. स्वच्छ, चमकणारं, तिसऱ्यांची सगळी वाळू झाकून बसलेलं पाणी.

"आता ओहोटी लागेल," शंकरराव म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.

समुद्राने ती ऐकली नसावी. मंडळींनी सतरंज्या अंथरल्या, डबे उघडले, चटणीभाकर खाल्ली, पत्ते खेळले. पाणी थोडं मागे सरलं. सोसायटीच्या पार्किंगएवढी ओली पट्टी उघडी पडली आणि तिथेच सरणं थांबलं. शंकररावांनी पुन्हा शिट्टी वाजवली. बादल्या घेऊन सगळे त्या पट्टीवर तुटून पडले. एवढ्या माणसांना एवढी वाळू पुरेना. तुळशीचं खुरपं महिपतींच्या बुटाला लागलं. नरेंद्रचा एक बूट चिखलात राहिला आणि पाय वर आला. कुणाला रिकाम्या शिंपा मिळाल्या, कुणाला बाटलीचं झाकण. नरेंद्रला एक खेकडा मिळाला, म्हणजे खेकड्याला नरेंद्र मिळाला. जिवंत तिसरी एकही नाही. त्या सगळ्या खाली, पाण्याच्या पलीकडे, निवांत पुरलेल्या होत्या.

मग पाणी परत यायला लागलं.

"अहो काका, हाच का तुमचा पोरांचा खेळ?" तुळशीने पदर पिळत विचारलं. "आमच्या स्टेशनच्या पश्चिमेच्या मार्केटात याहून जास्त मिळतात."

"कंपन्या!" शंकरराव म्हणाले. "केमिकलचं पाणी सोडतात. सगळं मारून टाकलं या कंपन्यांनी."

"साहेब," कांबळे म्हणाले, "तुम्ही तीस वर्षं कंपनीतच होतात की."

हशा पिकला. शंकररावांचा चेहरा असा झाला की किर्तीला क्षणभर त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. बाजूला कमळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या ओठांवर राखून ठेवलेलं काहीतरी आलेलं होतं. किती वर्षांनी वापरायला मिळणार म्हणून ते चमकत होतं. किर्तीला दिसत होतं, आत्ता या वाळूवर बाबांची पुरती शोभा झाली, तर घरी जाऊन ते एकच काम करतील, शिंपल्यांचं नाव काढायला बंदी. उद्या सोमवारी 'नाही' कळवावं लागेल.

"किर्तीताई," कांबळे तिच्याकडे वळले, "तुम्ही सायन्सवाल्या. खरं सांगा, असं का झालं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शंकररावही. त्यांच्या नजरेत प्रथमच विनंतीसारखं काहीतरी होतं.

किर्तीने खरं सांगितलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका ओळीत येतात, दोघांची ओढ मिळून पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप मागे जातं. अष्टमीला दोघं आडवे-उभे ओढतात, म्हणून पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आज समुद्राचं काही चुकलेलं नाही. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. मग तिने एक वाक्य जोडलं.

"बाबांना हे माहीत होतं. पण सगळ्यांनी अमावास्या नको म्हटलं, पौर्णिमा नको म्हटलं. एकटे बाबा काय करणार?"

एवढं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. शंकररावांना ते खरं वाटायला एक लाट येऊन जाण्याइतका वेळ लागला.

"तेच तर!" त्यांनी शिट्टी सरळ केली. "मी तेव्हाच मनात म्हणालो होतो. पण म्हटलं, लोकशाही आहे."

"अमावास्या कुणी खोडली हो?" महिपतींनी विचारलं. तुळशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बूट झटकायला घेतले.

"हे काम असं उंटावरून होत नाही," शंकरराव आता पाण्याकडे पाठ करून बोलत होते आणि पाणी त्यांच्या टाचांना लागत होतं. "भांग काय, उधाण काय, कुणीतरी जागेवर राहून महिनोन्‌महिने बघावं लागतं."

"कोण राहणार पण?" कांबळ्यांनी विचारलं.

आपण कुठे येऊन पोचलो, ते शंकररावांना आत्ता दिसलं. मागे फिरायला जागा शोधत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. किर्ती मान खाली घालून बादलीतली वाळू धूत होती.

कमळाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी हळूच, पण किर्तीला ऐकू जाईल इतपत म्हणाल्या, "घरात एक आहे की राहणारी. होय म्हणा. नाहीतर गाव सोडलं तेव्हा तुम्हाला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, हे मी कांबळ्यांना सांगते."

"आमची सून राहणार!" शंकरराव मोठ्याने म्हणाले. "मीच पाठवतोय."

टाळ्या पडल्या. नरेंद्रने सगळ्यांत जोरात वाजवल्या. त्याला काहीच प्रॉब्लेम नव्हता.

परत येताना किर्ती खिडकीशी बसली. हवं ते मिळालं होतं. चंद्र, सूर्य, ओढ, सगळं तिने पुराव्यानिशी मांडलं होतं, आणि त्यातल्या कशानेच काम झालं नव्हतं. काम त्या एका खोट्या वाक्याने झालं होतं. निष्कर्ष म्हणून तिला तो आवडला नाही, पण निरीक्षण बिनचूक होतं.

रत्नागिरीचं काम येत्या अमावास्येपासून सुरू व्हायचं होतं, कारण वाळू तेव्हाच उघडी पडणार होती. तिला वाटलं, आता इथे अडणार. पण निघायच्या दिवशी शंकरराव स्वतः बॅग घेऊन खाली आले आणि रिक्षा येईपर्यंत गेटपाशी जमलेल्यांना समजावत राहिले, "मुद्दाम अमावास्या धरली. पाणी लांब जातं ना. आम्हा कोकणातल्यांना हे रक्तातच असतं."

"वा," कांबळे म्हणाले. "साहेब, तुमचं गाव समुद्रापासून किती लांब हो?"

शंकररावांनी वर पाहिलं. गॅलरीत कमळाबाई एका रबरी बुटात लावलेल्या मिरचीच्या रोपाला पाणी घालत होत्या. खाली पाहून त्या दुसऱ्या बुटाकडे वळल्या. ही दुसरी गोष्ट अजून त्यांनी राखून ठेवली होती. सहा महिने संपल्यावर सुनेला पुढे शिकायचं असेल, तर ती लागणार होती.