तळ्यातली काचेची म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी डायटम आहे, पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा हिरवा जीव. नाव ऐकून नाक मुरडू नका. तुमच्या पुस्तकांत मला करंडक म्हणतात आणि ते खोटं नाही. माझं घर कुंकवाच्या करंड्यासारखं आहे, खाली डबी, वर झाकण, आणि दोन्ही अस्सल काचेची. राजाराणीलाही असं घर मिळालं नसेल. दिसायला मी इतकी बारीक, की सुईच्या टोकावर माझी सारी भावकी बसेल. पण बारीक आहे म्हणून कुणी मला हलकी समजू नये.

शिंदखेड्याच्या पुढे, तापीच्या अंगाला एका गावाचं तळं आहे. तिथं माझा जन्म झाला. आमच्यात जन्म म्हणजे काय, तर आईनं घर उघडलं, झाकण एकीला दिलं, डबी दुसरीला. उरलेलं अर्धं घर जिचं तिनं बांधायचं. वाटणीवरून कोर्टकचेरी नाही. तशीच मी दुभंगत आले, म्हणून आई मी, लेक मी आणि पणजीही मीच. ऊन खायचं, पाण्यात विरघळलेल्या रेतीची काच घडवायची आणि पाण्यात प्राणवायू, म्हणजे साऱ्यांचा श्वास सोडायचा, हे आमचं काम. तरंगत जगतो म्हणून आम्हांला प्लवक म्हणतात. आम्हांला पाणपिसवा खातात, त्यांना मासोळी खाते, मासोळी तुम्ही खाता. म्हणजे तुमच्या कालवणाची पहिली चूल मी पेटवते. कधी कुणी म्हटलं का, म्हातारे, बस, दमली असशील?

पावसाळ्यात आमचं तळं सांडव्यावरून वाहतं. ते पाणी तापीला मिळतं आणि तापी सुरतेपुढे समुद्राला. तिथं किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात माझ्याच कुळातल्या बाया नांदतात. नदी जे नेईल ते त्यांच्या पदरात पडतं. पूर्वी गाळ जायचा, रेती जायची. माहेरची शिदोरीच होती ती! आता काय जातं? युरिया, साबणाचा फेस, फवारणीच्या डब्यांचं धुवण. लेकीबाळींना असली शिदोरी धाडताना तुम्हांला लाज कशी वाटत नाही? मग तिथलं पाणी कधी लाल होतं, कधी हिरवं, आणि मासे तोंड वासून मरतात.

तेच यंदा आमच्या तळ्यात झालं. पहिल्या पावसात चहूबाजूंच्या कपाशीचा युरिया उतरला. आयतं खायला मिळाल्यावर निळं-हिरवं शेवाळ माजलं. त्याला ना काच घडवायची, ना घर बांधायचं! दुधावरच्या सायीसारखं वर पसरलं आणि माझं ऊन अडवून बसलं. बाया काठावर आल्या, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "घाण!" मलाही त्यातच धरलं. पिढ्यान् पिढ्या राबले मी, आणि एका माजोरड्याच्या पायी मी घाण?

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. रविवारी तिच्या नैवेद्याचे रोट होतात आणि सोमवारी बाया देवीला डोक्यावर घेऊन बोळवायला पाण्यावर नेतात. यंदा पाणी असं हिरवंगार. गावचे जुने बागायतदार पुना आबा काठावर येऊन गरजले, "कानबाईले ह्या घानमा लई जावानं का? मोरचूद टाका! डाळिंबवरनी बुरशी जास, ते हाई भी जाई."

तळ्यात मासे पाळणारी लताबाई भोईण तिथंच होती. आषाढात तिनं मत्स्यबीज सोडलं होतं. तिचं वर्षाचं पोट त्यावर होतं. ती म्हणाली, "आबा, ही तुमनी डाळिंबनी बाग नही शे. आठे मना मासा शेतस."

"मोरचूद शेवाळवर टाकतस, मासावर नही!"

"पानीमाच टाकतस ना? मंग मासा काय झाडवर चढीन बसतीन?"

बाया खळखळून हसल्या आणि आबा चिडले. "तूच शेन टाकस तळामा. घान तूच करी!"

तेही खोटं नव्हतं. थोड्या शेणावर आम्ही पोसतो, पण मासे लवकर वाढावेत म्हणून ही बाई टोपल्याच्या टोपल्या ओतायची. मोरचुदाच्या आड आली म्हणून मी तिलाही सोडत नाही.

आबांनी ऐकलं नाही. मोरचुदाचे निळे, विषारी खडे गोणपाटात बांधले, ते ट्रॅक्टरच्या ट्यूबला अडकवलं आणि गड्यांकडून तळंभर ओढवलं. तळ्याच्या एका कोपऱ्यात ओहोळ मिळतो. तिथं लताबाईची बोटभर पिल्लं खेळत होती. तिनं कासोटा घातला आणि जावेला हाक मारली, "सुलक्षणा, दौड! फावडं लई ये!" दोघींनी कोपऱ्याच्या तोंडाला चिखलाचा बांध घातला. निळसर पाणी बांधाला लागून थांबलं. मी नेमकी आतल्या बाजूला होते.

रविवारी तळं आरशासारखं नितळ झालं. आबा मिशीवरून हात फिरवत फिरले. मित्रांनो, ते नितळ पाणी म्हणजे मसणवटा होता! बांधापलीकडच्या माझ्या लेकी, नाती, ते माजोरडं शेवाळसुद्धा, सगळं मरून तळाशी सडत होतं. सडताना ते पाण्यातला श्वास ओढून घेतं, आणि नवा सोडायला तिथं आमच्यातलं कुणी उरलंच नव्हतं.

सोमवारी कानबाई वाजतगाजत आली. पाण्यावर मेलेल्या माशांची पांढरी पोटं तरंगत होती. लताबाई गुडघाभर पाण्यात उभी होती.

"या आबा," ती म्हणाली. "पानी साफ व्हयनं. आना कानबाई."

एकही बाई पाण्यात उतरली नाही. त्यांनी विहिरीचं पाणी परातीत घेतलं आणि देवीची बोळवण तिथंच केली.

पुढच्या आठवड्यात आबा एकटेच बांधाशी आले. लताबाई तिथंच पिल्लांवर नजर ठेवून होती. आबांनी हळूच विचारलं, "लता, आते काय टाकू पानीमा? चुना टाकू का?"

बघा! मेली खोड जाते का?

"काहीच टाकू नका, आबा," लताबाई म्हणाली. "टाकानं बंद करा. तुमनं वावरनं पानी सरळ आठे येस, त्याले बांध घाला. मी भी शेन कमी करसू."

लताबाईनं बांधावर रोवलेलं फावडं आबांनी उपसलं आणि वावराच्या वाटेला लागले. वावराचा बांध पुरता होईल की नाही, कोण जाणे. पण त्यावर माझं कूळ टिकणार आहे आणि लताबाईची पिल्लंही.

मित्रांनो, तुमच्याही गावच्या पाण्याला असा एखादा आबा असेल. तो पोतं घेऊन निघाला, तर त्याच्या वाटेत उभे राहा.