अकरा सेकंद

मास्तरांनी पेन ड्राइव्ह शर्टाच्या टोकाने पुसला आणि नव्या लॅपटॉपला लावला. लॅपटॉप धाकटीने आणला होता. जुना सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर मास्तरांची आंघोळ उरकायची.

“आधी काय टाकताय बाबा? फोटो?”

“नाही. आधी तो.”

घरात ‘तो’ म्हणजे थोरला. सातव्या वर्षी तापाने गेला, तेव्हा धाकटी दीड वर्षाची होती. आता तिने तिशी ओलांडली, तरी थोरला तोच. जाण्याच्या महिनाभर आधी मास्तरांनी घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरला माइक लावून त्याचा आवाज भरून घेतला होता. अकरा सेकंद. त्याचा तेवढाच आवाज मागे उरला होता.

मास्तरांची उमेदीची वर्षं टाइपरायटर शिकवण्यात गेली. चाळिशीत ते पोरासोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकले आणि मग अर्ध्या गावाला त्यांनी तो शिकवला. वर्गात त्यांचा एकच हट्ट असे, कॉपी केलेली फाईल उघडून पाहिल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. कुणी उठलाच तर मास्तर त्याला फैलावर घेत. घरातला तो पहिला खोका शाळेला देऊन टाकला त्या दिवशी त्यांनी थोरल्याचा आवाज फ्लॉपीवर घेतला, पुढे फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर. खोक्याएवढा कॉम्प्युटर होता होता वहीएवढा झाला, पण दर वेळी पहिला मान थोरल्याचा. ही एक फाईल मात्र मास्तरांनी कधीच उघडून पाहिली नाही. छातीच होत नव्हती. बायकोनेही कधी ‘ऐकवा’ म्हटलं नाही. तिचीही तीच गत असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

“आज मला ऐकवा ना,” धाकटी म्हणाली. “माझा भाऊ बोलायचा कसा, मला ठाऊकच नाही.”

“कशाला आता उगीच,” बायको दारातूनच म्हणाली. “जेवून घ्या आधी. निवतंय सगळं.”

“थांब गं. पोरगी मागतेय.”

मास्तरांनी दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली, फाईल सापडत नाही. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तीच चौकट. मग मान पुढे काढून त्यांनी फाईलच्या चित्राकडे नीट पाहिलं. त्याच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता.

तो बाण त्यांनी शेकडो जणांना फळ्यावर काढून दाखवला होता. बाण असला तर ती फाईल नव्हे, फाईलकडे जायची नुसती वाट. थोरल्याचा आवाज बायकोला चटकन सापडावा म्हणून ती वाट त्यांनीच पडद्यावर आणून ठेवली होती. फ्लॉपीवर गेली ती नुसती तीच, आवाज खोक्याच्या पोटात राहिला. शाळेने खोका पुसून वापरला, मग मोडीत काढला, त्यालाही जमाना झाला. अठ्ठावीस वर्षं मास्तर नुसती वाट सांभाळत बसले होते.

“गेला गं,” ते कसेबसे म्हणाले. “माझ्याच हातून गेला.”

बायको येऊन त्यांच्या शेजारी बसली. तिला धक्का बसलेला दिसेना.

“तुला ठाऊक होतं?”

“खोका घरात होता तोवर मलाही धीर झाला नाही. तो गेला आणि एकदम ऐकावंसं वाटलं. तुम्ही क्लासला गेला होतात. फ्लॉपी लावली, तर हीच चौकट.”

“मग बोलली का नाहीस?”

“शाळेत धावत गेले होते. त्यांनी पुसून टाकलं होतं सगळं. तुम्हाला सांगून काय करणार होते? तेव्हा कुठे तुम्ही चार घास खायला लागला होतात.”

मास्तर हमसून हमसून रडले. तिने रडू दिलं. जेवणाची आठवण कुणालाच राहिली नाही.

बऱ्याच वेळाने धाकटीने हळूच विचारलं, “पण तो म्हणाला काय होता?”

“‘आई, बघ, माझा आवाज पेटीत गेला,’” बायको लगेच म्हणाली. “आणि मग हसला, खळखळून. हसता हसता ठसका लागला.” सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

मास्तरांनी मान वर केली. माइक त्यांनीच पोराच्या तोंडापुढे धरला होता. पोर त्यांच्याकडे बघून ‘बाबा’ म्हणालं होतं. त्या एका शब्दाच्या भीतीनेच त्यांनी आजवर ती फाईल उघडली नव्हती.

“हो ना बाबा?” धाकटीने विचारलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “पहिली हाक आईलाच मारली त्याने.”