सिमेंटखालची माती

जेथ्रोने कुदळीचा पहिला घाव घातला. बहिणीच्या भिंतीवर घाव घालताना त्याला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला! इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातली तीनशे वर्षांची भिंत ती, पेंढा घालून तुडवलेल्या मातीची. पूर्वी तिला चुना असायचा, ओल बाहेर जायची. डेन्झिल गवंड्याने सिमेंटचा गिलावा थापून ती ओल आतच कोंडली होती. भिंतीला खाली पोट सुटलं होतं, आणि त्याची बहीण लव्हडे रोज त्याच भिंतीला टेकून चहा प्यायची.

"थांब!" डेन्झिल धावत आला. "जतन केलेलं गाव आहे हे. दर्शनी भिंतीला हात लावायचा तर परवानगी लागते."

"तोवर माझी बहीण गाडली जाईल, गाढवा!"

डेन्झिलने कुदळ धरली. जेथ्रोने त्याच्या नाकावर डोकं हाणलं. रक्त पांढऱ्याशुभ्र गिलाव्यावर उडालं. डेन्झिलने त्याला खाली पाडून बरगडीत लाथ घातली. काहीतरी कडकन मोडलं. जेथ्रोच्या हाताला दगड लागला, तो त्याने डेन्झिलच्या जबड्यावर मारला.

लव्हडे तवा घेऊन बाहेर आली आणि तिने तो भावाच्याच टाळक्यात घातला. "मेल्या, माझं घर यंदा कॅलेंडरवर आलंय! बघवत नाही होय रे तुला?"

तिने पुन्हा तवा उचलला, आणि तिच्या मागे भिंत बसली. फार आवाजही झाला नाही. खुर्ची, किटली, अर्धं छप्पर, सगळं लापशीसारख्या चिखलात गेलं. लव्हडेच्या हातातून तवा पडला.

जेथ्रोने डेन्झिलचा गळा धरला. "कुणी शिकवलं तुला हे?"

डेन्झिलने रक्ताबरोबर एक दात थुंकला. "तूच की, मिस्त्री. तुझ्या हाताखाली होतो तेव्हा. सिमेंट मार, पुन्हा बघायला नको, म्हणायचास."

जेथ्रोने त्याचा गळा सोडला. गल्लीत पुढे सात घरं होती, पांढरी, चकचकीत. सातही घरांचा सिमेंटचा गिलावा त्याच्याच हातचा होता. तेव्हा त्याला त्याचा केवढा अभिमान होता! आता त्याला स्वतःची किळस आली.

बरगडी दाबून धरत तो पहिल्या दारापर्यंत गेला आणि त्यावर मुठी आपटायला लागला.

"बाहेर या! मारायचं तर मारा मला, पण आधी बाहेर या!"