तीन वाजून दहा मिनिटांचं कार्ड

कपाटात तीनशे सहासष्ट कप्पे होते आणि त्यांत दोन हजार एकशे शेहेचाळीस कार्डं. सगळ्यांत भरलेल्या कप्प्यात एकोणीस, सगळ्यांत रिकाम्यात दोन. एकोणतीस फेब्रुवारीच्या कप्प्यात चार. चार वर्षांतून एकदा उघडणाऱ्या घराच्या मानाने तिथला संसार बराच होता.

मोजणी दोनदा झाली, कारण मोजणारी मोजपट्टी होती. हे नाव तिला काकांनी ठेवलं होतं. काका म्हणजे तिच्या मावशीचे यजमान. दोघं काम करत त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मात्र लहानथोर सगळेच त्यांना तारीखकाका म्हणत. रोज दुसऱ्या पानावर ‘आजच्या दिवशी’ नावाचं सदर येई, ते गेली एकतीस वर्षं काका या कपाटातून काढत होते. प्रत्येक कार्डावर एक घटना, आणि कार्डाच्या पाठीवर तिचे दोन आधार. आधार दोन नसतील तर कार्ड कप्प्यात जायचं नाही, असा त्यांचाच कडक नियम.

तरी घोटाळा झालाच. एका वाचकाने लिहिलं, ‘तुमचं एक जहाज वर्षातून दोनदा बुडतं. मधल्या अकरा दिवसांत त्याला वर कोण काढतं?’ घटना जुनी होती. एका ग्रंथात तारीख जुन्या कॅलेंडरची, दुसऱ्यात अकरा दिवस पुढे असलेल्या नव्या कॅलेंडरची. काकांनी दोन्ही कार्डं केली होती.

संपादकबाईंनी पत्र वाचलं, हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. “पूर्ण कपाट तपास,” त्या मोजपट्टीला म्हणाल्या. “शंभरात एकापर्यंत चूक मी पोटात घालीन. त्यापुढे गेलं तर कपाट भंगारात आणि सदर बाहेरून तयार घ्यायचं.”

त्या दिवशी काका डबाही न उघडता घरी गेले.

मोजपट्टी सात आठवडे कार्डं वाचत बसली. हळूहळू तिला वर्षं दिसेनाशी झाली, नुसते दिवस दिसू लागले. एका कप्प्यात राहिल्यामुळे तीनशे वर्षांच्या अंतराची माणसं एकमेकांची शेजारी झाली होती. अकरा एप्रिलला कुणी धूमकेतू पाहिला होता, कुठे पहिला टेलिफोन वाजला होता, कुठे एक नदी शहरात शिरली होती. संध्याकाळी घरी जाताना तिला वाटे, टेलिफोनवरची बाई खिडकी उघडून धूमकेतूवाल्याला ओरडून सांगतेय, ‘अहो, खाली या, पाणी चढतंय!’ आणि तो म्हणतोय, ‘आलोच, एवढी शेपटी मोजून होऊ दे.’ रस्त्यावरचे दिवे पाण्यात असल्यासारखे हलत. ती तशीच चालत राही आणि एखाद वेळी घराच्या पुढेही जाई.

सातव्या आठवड्याअखेर चुकीची कार्डं एकवीस निघाली आणि एक अधांतरी राहिलं. एकवीस म्हणजे मर्यादेच्या आत. बावीस म्हणजे बाहेर.

अधांतरी कार्ड सत्तावीस ऑक्टोबरचं होतं, दोनच कार्डांच्या कप्प्यातलं. ‘आजच्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपलं शहर एक मिनिट पूर्ण शांत झालं.’ पाठ कोरी.

“काका, हे काय आहे?”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “घटना आहे.”

“आधार?”

“मी. चौकात उभा होतो. बस थांबली, चावीवाल्याचं चाक थांबलं, रडणारं पोर थांबलं. सगळं एकाच वेळी. घड्याळ पाहिलं मी.”

“तुम्ही एक झालात. दुसरा साक्षीदार?”

“दुसरा बोलला असता तर शांतता राहिली असती का गं?”

तिला हसू आलं आणि रागही. “नियम तुमचाच आहे.”

“माझाच. म्हणून तर पाठ कोरी ठेवली. खोटा आधार लिहिला नाही.” ते खिडकीबाहेर बघू लागले. “चोवीस वर्षं छापतोय. सोडवत नाही मला तो दिवस.”

तिने संपादकबाईंना सगळं सांगितलं. लपवणं तिला जमलंच नसतं.

“मग चुकीचं धर,” बाई म्हणाल्या. “बावीस.”

“ते घडलं नाही, हेसुद्धा सिद्ध होत नाही.”

“अगं, घडलेल्या गोष्टीचा काहीतरी माग राहतो. जहाज बुडालं तर फळी राहते. याचा माग दाखव, कार्ड राहू देते.”

सत्तावीस ऑक्टोबरला सहा दिवस होते. मोजपट्टीने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं आणि रोज दुपारी चौकात कारंज्याच्या कठड्यावर ठेवलं. कारंजं बंदच असे. पाच दिवसांची तीन वाजून दहा मिनिटांची सरासरी आली सदुसष्ट डेसिबल. सगळ्यांत कमी आकडा चौसष्ट.

सहाव्या दिवशी सकाळच्या अंकात ते वाक्य नेहमीप्रमाणे छापून आलं होतं. काका म्हणाले, “मी नाही येत. माझ्या खोकल्याने आकडा बिघडायचा.”

ऊन कलतं होतं, सावल्या लांबू लागलेल्या. तीन वाजता चौक रोजच्यासारखाच गजबजला होता. चावीवाला चावी घासत होता, शेजारी सकाळचा अंक दुसऱ्या पानावर उघडा. दोन बायका भांडत होत्या की बोलत होत्या, ते कळत नव्हतं. तीन वाजून नऊ मिनिटांनी यंत्रावर सदुसष्ट होते.

मग बसवाल्याने थांब्यावर इंजिन बंद केलं. चावीवाल्याने चाकावरून हात काढला आणि ते फिरत फिरत थांबलं. त्या बायकांतल्या एकीने दुसरीच्या दंडावर हात ठेवला. एका बापाने मुलीच्या ओठांवर बोट टेकवलं आणि दुसऱ्या हाताने वर, नुसत्याच आकाशाकडे दाखवलं. कबुतरं उठली तेव्हा त्यांचे पंख एकेक करून ऐकू आले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मोजपट्टीला वाटलं, चौक पाण्याखाली गेलाय आणि तरीही श्वास घेता येतोय. तिने आपला श्वास रोखला, आकड्यात मिसळू नये म्हणून.

कुठेतरी एका सायकलची घंटा वाजली, आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

तिने बरोबर आणलेलं कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: सत्तावीस ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, एक्केचाळीस डेसिबल, अठ्ठावन्न सेकंद.