जिंकणाऱ्याच्या माथी मारलेला ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. शिशाचा, पिवळ्या रंगाचा, वजन बरोबर पंधरा किलो. माझ्या दोन टोकांना दोन भोकं आहेत. त्यांत बोल्ट घालून मला रेसिंग कारच्या सीटखाली आवळतात. दिसायला मी विटेसारखा आहे, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

जन्माआधी मी एक नव्हतो, शेकडो होतो. गाडीचं चाक थरथरू नये म्हणून त्याच्या कडेला शिशाचे बारके तुकडे ठोकतात ना, तेच. टायरवाल्यांनी काढून फेकलेले असे डबाभर तुकडे कुणीतरी वितळवले, साच्यात ओतले आणि मी झालो. मग मला नोकरी लागली ती थेट राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत.

या स्पर्धेतल्या गाड्या एका माणसापुरत्या, चाकं चारही बाजूंनी उघडी. गट तीन, पण सगळे एकाच वेळी एकाच ट्रॅकवर सोडतात. वरचा गट सुसाट, मधला बरा, आणि तळाला जुन्या इंजिनांचा आमचा गट. मागून वरच्या गटातला कोणी आला की आमच्या लोकांना निळा झेंडा दाखवतात. म्हणजे बाजूला व्हा, मोठ्यांना वाट द्या.

आमच्या गटात एक खास नियम होता. जो शर्यत जिंकेल, त्याने पुढची शर्यत मला गाडीत घेऊन धावायची. एकच माणूस सारखा जिंकू नये म्हणून ही युक्ती. शर्यत संपली की गाडी वजनकाट्यावर चढवायची, आणि माझे पंधरा किलो त्यात नसले तर निकालातून नाव बाद.

आता सांगा, माझ्यावर कोण प्रेम करणार? नऊ वर्षांत मी बरेच मालक पाहिले. कप हातात घेताना हसणारा माणूस मला हातात घेताना कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करायचा. मला मात्र मनातून गंमत वाटायची. नाकं मुरडा, पण जो जिंकत नाही त्याच्या वाट्याला मी जातच नाही.

गेल्या हंगामात पाच शर्यती होत्या. पहिल्या दोन दातांच्या डॉक्टरांनी जिंकल्या. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की थांबत नाही. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची सवय, दुसरं काय!

तिसरी शर्यत वहिनींनी जिंकली. वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. आठवडाभर दुसऱ्याच्या शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" करत वीसच्या वेगाने फिरतात, आणि रविवारी ते सगळं भरून काढतात. त्यांची गाडी बांधली त्यांच्या धाकट्या नणंदेने. तिची स्वतःची लेथची शेड आहे, चाळिशी आली तरी घरात तिला धाकटीच म्हणतात. ती पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या दुरुस्त करायच्या जागेतून, "वहिनीऽ" अशी हाक मारते, म्हणून सगळा ट्रॅकच त्यांना वहिनी म्हणायला लागला. या चमूतले तिसरे म्हणजे वहिनींचे यजमान, धाकटीचे दादा. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, पण शर्यत सुरू झाली की ते डोळे घट्ट मिटून घेतात.

नऊ वर्षं हे तिघं धडपडत होते. कधी तिसरे, कधी चौथे. आणि आता जाहीर झालं होतं की हंगाम संपला की जुन्या इंजिनांचा गट बंद. आमच्या गटाचं विजेतेपद मिळवायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

मला न्यायला धाकटी आली, तेव्हा मी नेहमीचं आंबट तोंड बघायची तयारी ठेवली होती. तिने मला चक्क पोटाशी धरलं.

"या, या! नऊ वर्षं वाट बघायला लावलीत!"

"अगं, तो ओझं आहे," दादा म्हणाले.

"असू दे. आपलं आहे."

खरं सांगतो, शिसं असूनही मी विरघळलो. शेडमध्ये तिने मला घासूनपुसून नवा पिवळा रंग दिला. मग घरात जो तो मला कामाला लावायला लागला. चिकटवलेला पत्रा दाबायला मी, उडणारी बिलं दाबायला मी, दादांच्या पुस्तकाचा निघालेला पुठ्ठा बसवायलाही मीच. मला घेऊन वहिनींनी चौथी शर्यतही मारली. डॉक्टर दोन्ही वेळा दुसरे, जशा पहिल्या दोन शर्यतींत वहिनी. दोघांचे गुण अगदी सारखे झाले. शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे, तो विजेता.

त्या दुपारी वारा सुटला होता. शर्यतीला अर्धा तास असताना धाकटीच्या हातून एक वॉशर सीटखाली पडला. तो काढायला तिने मला सोडवून जमिनीवर ठेवलं, वॉशर काढला, आणि तेवढ्यात तपासनिसांनी तिला सहीसाठी बोलावलं. इकडे पिटमधल्या आमच्या तंबूचं कापड फडफडायला लागलं. दादांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि सवयीने कापडाच्या कोपऱ्यावर ठेवून दिलं. धाकटी परतली, तर जमीन मोकळी.

"दादा, ठोकळा ठेवलास का?"

"ठेवला, ठेवला," दादा म्हणाले. तिला वाटलं गाडीत.

गाडी माझ्यादेखत निघून गेली. माझ्या जिवाचं काय झालं असेल! ओरडायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत. शर्यतीआधी सगळ्या गाड्या एक सावकाश फेरी मारतात. ती फेरी संपता संपता एक गाडी रांग सोडून पिटमध्ये शिरली. आमची!

"धाकटे, ठोकळा कुठाय?" वहिनी हेल्मेटमधून ओरडल्या. "मागची बाजू उड्या मारतेय!"

तीन वळणांत त्यांना मी नसल्याचं कळलं होतं. नऊ वर्षांत माझी उणीव भासलेली ही पहिलीच बाई. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. दादांनी मला ओढून काढलं, तसा तंबू उडाला आणि शेजाऱ्यांच्या चहाच्या टेबलावर जाऊन बसला. धाकटीने मला सीटखाली बसवून दोन्ही बोल्ट आवळले. बाहेर शर्यत सुटल्याचा गडगडाट झाला.

आम्ही सगळ्यात शेवटी निघालो. सीटखाली मला दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं आणि जाणवतं. वहिनी त्या दिवशी काय चालवत होत्या! एकेक इंजिन पुढून जवळ यायचं, शेजारी घुमायचं आणि मागे पडायचं. मध्येच कुणाची तरी गाडी वाळूत रुतली. ती बाहेर काढेपर्यंत सगळ्यांना रांगेत हळू चालवलं, आणि आमचं मोठं अंतर एकदम मिटलं. पुन्हा वेग सुटला. शेवटच्या फेरीत आमच्या पुढे आमच्या गटातले फक्त डॉक्टर उरले.

शेवटच्या वळणावर वहिनींनी गाडी आतल्या बाजूला घातली. जागा होती. आणि निळा झेंडा हलला. मागून वरच्या गटातला पहिला आला होता. नियम म्हणजे नियम. वहिनींनी वाट दिली.

डॉक्टर चार हात पुढे राहिले.

पिटमध्ये धाकटी हत्यारांच्या पेटीवर बसून हुंदके देत होती. "माझ्यामुळे गेलं, वहिनी. नऊ वर्षं माझ्यामुळे पाण्यात गेली."

"माझ्यामुळे," दादा म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"गप्प बसा दोघंही," वहिनी म्हणाल्या. त्यांचाही आवाज ओला होता. "मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण सगळ्यांच्या मागून निघून मी त्यांना गाठलं ना? पहिल्या जागेवरून सुटून जिंकले असते, तर मला हे जमतं हे कधी कळलंच नसतं."

तेवढ्यात डॉक्टर आले. नियमाने मी आता त्यांचा. ते माझ्याकडे बघत राहिले आणि, विश्वास ठेवा, पूर्ण अर्धं मिनिट काही बोलले नाहीत.

"वहिनी, कप मी नेतो, तो मी जिंकलाय," ते शेवटी म्हणाले. "पण हा तुमच्याकडेच राहू द्या. याला घेऊन मला असं धावता आलं नसतं."

म्हणून मी आता कायमचा शेडमध्ये आहे. आमचा गट बंद झाला, माझी नोकरी संपली. धाकटी जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवतेय. यंदा वहिनी मधल्या गटात उतरणार आहेत. तिथेही हाच नियम आहे, पण ठोकळा वीस किलोंचा, म्हणजे माझा थोरला भाऊच. तो आत्ता कुणा अनोळखी माणसाच्या गाडीत बसून बोलणी खात असेल.

काल धाकटीने खिडकीखालच्या फळीवर मला नीट एका कडेला सरकवलं. उरलेली जागा पुसली, बोटांनी मापली आणि म्हणाली, "बसेल." तेव्हा वीस किलोंचे पाहुणे, माझं एवढं ऐका. लवकर या, आणि या बाईंच्या गाडीत चांगले जड होऊन बसा. मी अंग चोरून बसलोय.